मिरची न लागणारा हात

आमच्या अमडापूरच्या मळ्यातली लाल मिरची वाळली की आंगणात बाया देठं खुडायला बसायच्या. दुपार होईस्तोवर बोटं चुलीत घातल्यासारखी पेटायची. मग ताकात बुडवा, तेल चोळा, लेकराच्या डोळ्याला लागू नये म्हणून हात पदरात गुंडाळून ठेवा.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. धाकट्या दिराची, निवृत्तीची, बायको होऊन कोकिळा घरात आली. नव्या सुनेपुढे पहिल्याच हंगामात मिरचीचा ढीग टाकायचा आणि ती कण्हते का ते बघायचं, ही आमच्या घरची रीत. त्या ढिगापुढे मीही रडले होते. कोकिळेचा उजवा हात लालबुंद झाला, डावा मात्र तसाच राहिला. मग ती डाव्याच हाताने खुडायला लागली. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. मला ओव्या जुळवायचा नाद. जात्यावर बसून म्हटलं,

माझ्या गं जाऊबाईचा, हात चंदनाचा गार
मिरचीची आग त्याला, लागेना तिळभर

ओवी गावभर झाली. कोकिळा लाजायची. तापलेला तवा फडक्याशिवाय उतरवायची, आणि हळूहळू तव्याचं, चुलीचं, मिरचीचं सगळं काम तिच्याच वाट्याला गेलं.

एका सकाळी दळताना तिने बांगड्या वर सारल्या. डाव्या कोपराखाली विड्याच्या पानाएवढा फिकट चट्टा होता.

"बाई, या हाताले काईच समजत नाई वो," ती हळूच म्हणाली. "काल बोट भाजलं, तं वास आला तवा कळलं. कोनाले दाखवू का?"

मी तिचा हात हातात घेतला. बोटावर फोड होता, टचटचीत. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला दिसत होता मिरचीचा ढीग. हा हात दवाखान्यात गेला तर तो ढीग पुन्हा माझ्यापुढे येणार होता.

"ओवीतला हात हाय तो," मी हसून म्हटलं. "दवाखान्यात कायले जातं?"

तीही हसली. बांगड्या खाली ओढल्या. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

दोन वर्षांनी गावात कातडीची तपासणी करणारे वामनराव आले. तोवर कोकिळेची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. वामनरावांच्या पिशवीत काचेच्या दोन नळ्या होत्या. एकीत त्यांनी गरम पाणी भरलं, एकीत गार. कोकिळेला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर एकेक टेकवली आणि गरम कोणती ते विचारलं.

"लावा नं दादा," कोकिळा म्हणाली.

दोन्ही लावून झाल्या होत्या.

वामनराव निवांत बसून समजावत राहिले. कातडीखाली सुताहून बारीक तंतू असतात. गारव्याचे निराळे, उबेचे निराळे. ऊब हद्दीबाहेर गेली की दुखण्याचे तंतू जागे होतात, आणि आपल्याला कळायच्या आत हात मागे येतो. मिरचीसुद्धा त्यांनाच जागं करते, म्हणून तिची आग चुलीसारखी लागते. महारोगाने ते तंतू मारले होते. गोळ्यांनी रोग थांबेल, पण मेलेलं सूत जिवंत होणार नाही. चट्टा दिसला तेव्हाच आली असती तर बोटं वाचली असती, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हा चट्टा आधी कोणाला दाखवला होता का?

माझ्या हातातलं सूप थांबलं. कोकिळेने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोनालेच नाई," ती म्हणाली.

गोळ्या कित्येक वर्षं चालल्या. चट्टा विरला, बोटं वळलेलीच राहिली. बाया अजून जात्यावर ती ओवी मागतात. मी नुसतं जातं ओढते.

चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि तिचा उजवा हात कामात असला, की डावा हात पेल्याजवळ येऊन थबकतो.

"गरम हाय का वो, बाई?"

मी आधी माझी बोटं टेकवते. चटका बसतो. तरी बोटं जराशी तशीच ठेवते.

"हाव," मी म्हणते. "थांब थोडी."