सातव्या क्रमांकाचं पुस्तक

त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. नऊ वर्षं झाली. हरवलं म्हणावं तर तसंही नाही. टेबलाच्या खालच्या खणात, एका जुन्या वहीत, ते जिथल्या तिथे होतं. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी कपाटं आवरली, पण त्या खणाला काही हात लावला नाही.

पत्र एका बाईंचं होतं. 'तुमच्या यादीत सातव्या क्रमांकावर तुरुंगाधिकाऱ्यांचं आत्मचरित्र आहे. त्यात लिहिलंय की साथीच्या वर्षी कंपाउंडरनं औषधात पाणी घातलं, वाचवलेलं औषध बाहेर विकलं आणि त्यामुळे एकतीस कैदी दगावले. तो कंपाउंडर म्हणजे माझे वडील. त्यांनीही आपली हकिकत लिहून ठेवली आहे. ती वही उघडायचं धाडस मला होत नाही, म्हणून सोबत पाठवते. दोन्ही वाचा आणि खरं काय ते कळवा. तुम्ही वाचणारे आहात, म्हणून विचारते.'

घोडं अडलं होतं ते तिथेच.

'इतिहासाची आवड असणाऱ्यांनी वाचावीत अशी पंचवीस आत्मचरित्रं' ही यादी म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव नावाजलेलं काम. शाळांनी ती भिंतीवर लावली, वर्तमानपत्रानं छापली. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या या गृहस्थांना लोक वाटेत थांबवून विचारू लागले, 'सर, आता काय वाचू?' पंचवीसपैकी चोवीस पुस्तकं त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. सातवं हाती आलं ते यादी छापायला जायच्या दिवशी. प्रस्तावना, पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण. शितावरून भाताची परीक्षा. आणि लिहून दिलं, 'इतकं प्रामाणिक आत्मचरित्र क्वचितच वाचायला मिळतं.'

मग एके दिवशी वाचनालयातल्या नव्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "सर, यादीची नवी आवृत्ती काढतोय. सोमवारपर्यंत एकदा नजर फिरवून द्याल ना?"

त्या दुपारी त्यांनी खण उघडला.

तीन दिवस ते टेबलापासून उठले नाहीत. अधिकाऱ्याच्या पुस्तकात कंपाउंडरला जेमतेम दीड पान मिळालं होतं. वहीत चाळीस पानं होती, बारीक अक्षरांत, कुठे खाडाखोड नाही.

'पाणी मी घातलं,' कंपाउंडरनं लिहिलं होतं. 'आहे त्यात सगळ्यांना पुरवा, असा तुरुंगाधिकारी साहेबांचा लेखी हुकूम होता. जास्त औषध मागवलं तर साथीचा बोभाटा होईल म्हणाले. नंतर तो कागद त्यांनी परत मागितला, मी मुकाट्यानं दिला. विकलं काहीच नाही. विकायला उरलंच नव्हतं. पहिल्या बराकीला औषध घट्ट दिलं, कारण तिथले कैदी आरडाओरडा करायचे. शेवटची बराक गप्प असायची. तिला जवळजवळ पाणीच गेलं. एकतीसांतले सव्वीस तिथले. त्या बराकीत मी शेवटी शेवटी बाटली खाली ठेवून, वर न बघता परत यायचो.'

त्यांनी वही मिटली. बायको चहाचा कप ठेवून समोर बसली. तिला सगळं सांगितलं, अगदी न वाचलेल्या पुस्तकासकट.

"मग कळवा की, विकलं नाही म्हणून. बाईंचा जीव भांड्यात पडेल."

"आणि शेवटची बराक?"

"ती गाळा. मधली पानं गाळायची सवय आहेच तुम्हाला."

त्यांनी कप बाजूला सरकवला. तिलाच वाईट वाटलं असावं. "अहो, चहा निवतोय," म्हणून ती उठली.

"विकलं नाही याला तरी पुरावा काय?" तिनं दारातून विचारलं.

"काहीच नाही. पण स्वतःला वाचवायला लिहिणारा माणूस शेवटच्या बराकीबद्दल कशाला लिहील?"

सोमवारी त्यांनी ग्रंथपाल बाईंना फोन केला. "सातवं पुस्तक यादीत राहू द्या. खाली एक टीप टाका. पुस्तकातल्या साथीच्या हकिकतीशी कंपाउंडरनं लिहून ठेवलेली हकिकत जुळत नाही, आणि शिफारस करताना मी हे पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं."

"सर, असं कुणी छापतं का? बाकीच्या चोवीसांवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत."

"नाही ठेवणार," ते म्हणाले. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

मग पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. ते कबूल करण्याची लाज वाटली, म्हणून तुम्हाला नऊ वर्षं ताटकळत ठेवलं. आता दोन्ही वाचली. तुमच्या वडिलांनी औषध विकलं नाही, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पाणी त्यांनी घातलं. हुकमानं घातलं, पण कुणाला किती, हे त्यांनी ठरवलं. ते त्यांनीच लिहिलं आहे. वही परत पाठवतो. शेवटच्या बराकीवरची पानं, बत्तीस ते छत्तीस, एकटीनं वाचू नका.'

पोस्टाच्या खिडकीत कारकुनानं पाकीट उलटसुलट पाहिलं. "पत्ता कधीचा आहे आजोबा?"

"नऊ वर्षांपूर्वीचा."

"माणूस हयात तरी आहे का? नसला तर परत येईल हे."

"माहीत नाही," ते म्हणाले. "रजिस्टर करा."

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.