गावभर हिंडलेला दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. तुम्ही म्हणाल, दरवाजाच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार? उघडला, लावला, संपले. मित्रांनो, तसे साधे आयुष्य मिळाले असते तर मी आज तोंड उघडले नसते. दरवाजाने एका जागी उभे राहावे अशी रीत आहे. माझी उमेदीची वर्षे मात्र बैलगाडीत आडवे पडून गेली. अजूनही गल्लीत गाडी थांबली की माझ्या बिजागऱ्या आवळतात.

माझा जन्म ताडकळसला आश्रुबा सुताराच्या अंगणात झाला. तेव्हा राज्य निजामाचे होते. माणिकराव नावाच्या शेतकऱ्याला घर बांधायचे होते. त्यांचे म्हणणे असे, की सोयरे येतात ते दरवाजा बघून. म्हणून त्यांनी आधी दरवाजा करवून घेतला. जाड चौकट, पितळी कड्या, वरच्या पट्टीवर कोरलेला मोर. आश्रुबाचा हात चोचीपाशी जरा घसरला आणि मोराचे बदक झाले, पण आश्रुबा म्हणाला, "लांबून मोरच दिसतंय. जवळून बघायचंच कशाला?"

माणिकरावांची हौस दरवाजातच संपली. घर काही उठले नाही. मी त्यांच्या शेतात चौकटीसकट एकटाच उभा राहिलो. येणारे-जाणारे मला उघडून पलीकडे जायचे आणि शिस्तीने पुन्हा लावून घ्यायचे. दोन्ही बाजूंना ज्वारीच होती.

शेवटी सेलूच्या बन्सीधर दलालाने मला विकत घेतले. मला वाटले, चला, आता घर मिळाले.

बन्सीधर हा मोंढ्याच्या बाजारातला कापसाचा दलाल. हंगाम संपला की तो घरांची दलाली करायचा. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गिऱ्हाईक घराच्या भिंती बघत नाही, दरवाजा बघते. मग प्रत्येक घराला चांगला दरवाजा बसवण्यापेक्षा एकच चांगला दरवाजा प्रत्येक घराला बसवला तर? गिऱ्हाईक यायचे त्या दिवशी सकाळीच माझी गाडी निघायची. जुने कवाड काढून मला भोकात उभे करायचे, फटीत दगड ठोकायचे, वरून ओली पांढरी माती लिंपायची. गिऱ्हाईक मला बघून खूश. गिऱ्हाईक वळले, की मी पुन्हा गाडीत. सेलूतल्या कितीतरी उंबऱ्यांवर मी उभा राहिलो, पण एकाही घराचे नाव मला धड कळले नाही. लोक म्हणायचे, "काय भारदस्त कवाड हाय!" स्तुती ऐकून ऐकून माझ्या फळ्यांना तडे जायची वेळ आली. ज्याला कडी लावायला घर नाही, त्याने भारदस्त होऊन करायचे काय?

अशात एक दिवस माझ्यासमोर महालिंग आणि भागम्मा येऊन उभे राहिले.

महालिंगचे मोंढ्याजवळ मीठ-मिरचीचे लहानसे दुकान होते. राहायला एका गोदामातली मागची खोली होती. ती खोली मुळात सरकी साठवायची. सरकी काही आतून कडी लावत नाही, म्हणून त्या खोलीला कडी बाहेरूनच होती. भागम्मा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली, की कोणी हमाल पोते विचारत आत यायचा. ती अंघोळीला बसली, की महालिंगला दुकान सोडून दाराशी राखणीला बसावे लागायचे. त्यातून गोदामवाल्याने निरोप दिला होता, की दसऱ्याला नवा कापूस येईल, खोली रिकामी करा.

"मला माडी नको, ओसरी नको," भागम्मा वाटेतच बन्सीधरला म्हणाली होती. "आतून कडी लागली म्हंजे झालं."

"वहिनी, कडी तर अशी हाय, की लावली तर तुमाला सोताला उघडायची न्हाई!" बन्सीधर म्हणाला होता.

त्या दिवशी मी ज्या घराला लागलो होतो, ते धुरपताबाई नावाच्या म्हातारीचे होते. ती पेडगावला लेकीकडे कायमची जाणार होती, म्हणून घर विकायला काढले होते. तिने बन्सीधरला घराची किल्ली दिली होती. दरवाजा नव्हता, तो वाळवीने खाल्ला होता. पण किल्ली होती. म्हातारी लेकीकडे गेली असताना बन्सीधरने मला तिथे उभे केले.

भागम्माने माझी कडी आतून लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर महालिंग आणि बन्सीधर तिष्ठत उभे. उघडली तेव्हा तिचा चेहरा निराळाच झाला होता. तिने कमरेची विभूतीची डबी काढली आणि माझ्या वरच्या पट्टीवर, त्या बदकाच्या खाली, तीन बोटे ओढली.

"अगं, सौदा तर होऊ दे," महालिंग म्हणाला.

"तुमी सौदा करा. मी माझं केलं."

तेवढ्यात लिंबाजी आला. लिंबाजी म्हणजे बन्सीधरचे ठरवलेले खोटे गिऱ्हाईक. खरे गिऱ्हाईक घुटमळले, की त्याने यायचे आणि घर फार आवडल्यासारखे करायचे, एवढीच त्याची नोकरी. त्याला एकच वाक्य पाठ होते.

"इहिरीला पाणी किती हाय?"

"कमरेइतकं," बन्सीधर म्हणाला.

"मंग मीच घेतो हे घर," लिंबाजी म्हणाला आणि बिडी ओढायला निघून गेला.

घर हातचे जाईल, अशी महालिंगला धास्ती वाटली. तो म्हणाला, आजच पक्के करू. पण बन्सीधरच्या मनात निराळेच होते. त्याच्या मेव्हण्याचे एक घर स्टेशनकडे पडून होते, आणि ते कोणी फुकट घ्यायला तयार नव्हते. धुरपताबाईचे घर दाखवून तोंडाला पाणी आणायचे आणि गळ्यात मेव्हण्याचे घर बांधायचे, असा त्याचा बेत. चार दिवसांनी त्याने तोंड पाडून सांगितले, "म्हातारी फिरली हो अप्पा. इकायचंच न्हाई म्हणायलीय. पण तुमच्यासाठी त्याच्यापेक्षा सरस घर काढलंय." तिकडे पेडगावला त्याने निरोप धाडला, की गिऱ्हाईक फिरकत नाही, भाव उतरवा.

मला गाडीत घालताना गाडीवानाने विचारले, "मालक, हे भस्म पुसू का?"

बन्सीधरने जीभ चावली. माणसांना फसवताना तो कधी कचरला नाही. पण दर सोमवारी तो उपास धरायचा. महादेवाचे भस्म फडक्याने पुसायची त्याची छाती होईना. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "वर कोन बघतंय?"

मित्रांनो, त्या दिवशी गाडीत मी जितका अस्वस्थ होतो तितका कधीच नव्हतो. मला ओरडायचे होते. पण दरवाजाला फक्त करकरता येते, आणि बन्सीधर मला आधीच तेल पाजून ठेवायचा.

मेव्हण्याच्या घराची मागची भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आली होती. बन्सीधर भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि माझ्याकडे हात केला. "बघा वहिनी, कवाड! ह्येच्यापुढं ते म्हातारीचं कवाड म्हंजे कायच न्हाई."

लिंबाजीही वेळेवर आला. "इहिरीला पाणी किती हाय?"

"लिंबाजीराव, इथं इहीर न्हाई," बन्सीधर दातओठ खात म्हणाला.

लिंबाजीने क्षणभर विचार केला. "मंग तर लयच बेस. पोरं पडायचं भ्या न्हाई. मीच घेतो."

भागम्मा मात्र वर बघत होती. तिने टाचा उंच केल्या, माझ्या पट्टीवर हात नेला आणि आपली तीन बोटे त्या तीन पट्ट्यांवर ठेवली. बरोबर बसली.

"बन्सीधरभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "हे कवाड लय भाविक दिसतंय. आमच्या आदी इथं येऊन बसलं."

"सगळी कवाडं एकाच सुताराची असत्यात, वहिनी."

"आन बदकं?"

बन्सीधरने बदकाकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. "मोर हाय तो," तो म्हणाला.

भागम्मा बोलत बसली नाही. ती सरळ धुरपताबाईच्या घराकडे चालू लागली. मागे महालिंग, त्यामागे बन्सीधर, आणि काय चालले आहे ते न कळल्याने लिंबाजीही. तिथे काय घडले ते मी पाहिले नाही. लिंबाजीने पुढे गावभर सांगितले, त्यावरून सांगतो. दाराच्या भोकात गोणपाट लोंबत होते आणि गोणपाटातून एक शेळी तोंड काढून बघत होती. बन्सीधर म्हणाला, "हवेशीर हाय." आत धुरपताबाई चुलीशी बसली होती. गिऱ्हाईक नाही हा निरोप ऐकून ती रडवेली होऊन परत आली होती.

"मावशी, घर इकायचं न्हाई म्हनता?" भागम्माने विचारले.

"इकायचं न्हाई? अगं माय, घेनारंच कोनी येईना म्हनून हा बाबा निरोपावर निरोप धाडायलाय!"

दोघींनी मिळून बन्सीधरकडे पाहिले. तो शेळीला गोंजारत होता.

घर ठरायला मग वेळ लागला नाही. बन्सीधर घसा खाकरून म्हणाला, "दोन्ही बाजू माझ्यामुळंच भेटल्या. माझं काय?"

आता महालिंग बोलला. "तुमचं देऊ. पन मोंढ्यात कापसाची गठाण दाखवताना नमुना काढत्यात. नमुना एक आन माल दुसरा दिला, तर काय होतं, भाऊ?"

बन्सीधरने शेळीला सोडले. दाखवलेल्या नमुन्यासारखाच माल द्यावा लागतो, हा मोंढ्याचा कायदा. तो मोडणाऱ्या दलालाला दुसऱ्या दिवशी कोणी आडत्या दुकानाची पायरी चढू देत नाही. आणि बन्सीधरची खरी भाकरी कापसावर होती.

"तुमी आमाला ह्या घराचा नमुना दाखवला," महालिंग म्हणाला. "तो नमुना तेवढा आनून बसवा."

"अप्पा, कापूस आन कवाड एक हाय का?"

"चला, आडतीत जाऊन इचारू."

ते काही आडतीत गेले नाहीत. संध्याकाळच्या आत माझी गाडी निघाली. लिंबाजी गाडीमागून चालत होता. त्याने भागम्माला विचारले, "वहिनी, इहिरीला पाणी खरंच हाय का?" त्याला या वेळी खरोखरच जाणून घ्यायचे होते.

ताडकळसहून आश्रुबा आला. मी भिंतीतल्या भोकापेक्षा वीतभर उंच निघालो. इतके दिवस मला दगडांच्या आधाराने तिरपे टेकवून भागत होते. आश्रुबा करवत काढू लागला, तर भागम्मा आडवी आली. "कवाड कापायचं न्हाई. भिंत वर घ्या." मित्रांनो, माझ्यासाठी भिंत उचलणारे माणूस मला तोवर भेटले नव्हते.

भिंत वाळली. धुरपताबाई पेडगावला गेली. दुपारी भागम्मा आत आली आणि तिने कडी लावली.

जरा वेळाने महालिंग आला आणि त्याने मला थाप मारली.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन?"

"अगं, मी! पूजा चालूय का?"

"न्हाई. झाली पूजा."

"मंग काय करायलीस?"

"काय न्हाई. बसलेय नुसती."

महालिंगने पुन्हा थाप मारली नाही. तो बाहेर पायरीवर टेकला. शेजारची बाई विस्तव मागायला आली, तर तिला म्हणाला, "जरा थांबा. आत काम चालूय."

त्या दुपारी माझ्या पाठीमागे पहिल्यांदाच कोणीतरी नुसते बसून होते. इतकी वर्षे मला सगळ्यांनी बाहेरूनच पाहिले होते. दरवाजाला आतली बाजू असते, हे मला तोवर माहीतच नव्हते.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेल मिळाले तरी मला पुरते. मला आपटू नका, माझ्यावर खडूने हिशेब करू नका. पुढे कधी घर घ्याल, तेव्हा आधी दरवाजा हलवून बघा, आणि दलाल भिंतीला पाठ लावून उभा असेल तर त्याला प्रेमाने बाजूला करा. आणि मित्रांनो, कोणाच्या घरी गेलात आणि कडी आतून लागलेली असली, तर एकदाच वाजवा, आणि मग पायरीवर बसा.