फळ्यावरचा एक

मी राजलक्ष्मीबाईंची स्कूटर बोलतेय. चोरीला गेलेली स्कूटर. हा शब्द आधीच सांगून टाकते, कारण तो कागदावर यावा म्हणून माझ्या बाईंना पोलिस ठाण्यात अख्खी सकाळ भांडावं लागलं. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

पूर्वी मी अशी नव्हते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानातून बाईंनी मला घरी आणलं, हरिशंकरपुरममधल्या दारात माझ्या दिव्यावर हळदकुंकू वाहिलं, त्या दिवशी मी नुसती मिरवत होते. बाई शाळेत संगीत शिकवतात. रोज सकाळी त्या गुणगुणत निघायच्या. त्यांचा मुलगा विहंग माझ्यावरच गाडी शिकला आणि मला कुंपणावर घालून माझा डावा आरसा फोडून बसला. तरी मी त्याच्यावर कधी रागावले नाही. घरचं माणूस ते.

दर गुरुवारी जयेंद्रगंजातून इंदुताईंना मागं बसवून आम्ही दत्ताच्या देवळात जायचो. इंदुताई म्हणजे बाईंच्या गाण्याच्या गुरू. "सीट फार तापते गं," म्हणून त्यांनीच मला हिरव्या खणाचं कव्हर शिवलं. साऱ्या ग्वाल्हेरात खण नेसलेली स्कूटर मी एकटीच असेन.

माझ्यात खोट एकच होती. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकला होता. टाकी काठोकाठ भरा नाहीतर कोरडी ठाक ठेवा, काटा आपला मधोमध. बाईंनी तो कधी बदलला नाही. निघताना त्या मला स्टँडवर दोनदा डुलवायच्या आणि आतला डुचमळण्याचा आवाज ऐकून अंदाज घ्यायच्या. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

एका दुपारी जयेंद्रगंजात बाई मला दुकानासमोर लावून आत गेल्या. हेल्मेट घातलेला एक सडपातळ माणूस आला. त्यानं झटका देऊन माझं हँडल-लॉक तोडलं, वायरी ओढून जोडल्या आणि भर उन्हात मला घेऊन गेला. आजूबाजूला माणसं होती. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

बाई धावत ठाण्यात गेल्या. ठाणेदार निघाला महिपतराव, मराठी समाजाच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवणारा. बाईंना हायसं वाटलं. आपला माणूस! मी मात्र त्याला अहो-जाहो करणार नाही.

"ताई, चोरी लिहिलंत तर कोर्टाचे चक्कर लागतील," त्यानं चहा पुढं करत सांगितलं. "गहाळ लिहून द्या ना. गाडी मिळाली की मी खुद्द फोन लावतो. आपण काय परके आहोत?"

भिडेला बळी पडून बाईंनी 'गहाळ' लिहून दिलं. मी काय रुमाल आहे, की कुठंतरी पडले?

महिपतरावानं असं का केलं, ते मला आता कळतंय, कारण आता मी त्याच ठाण्याच्या अंगणात उभी आहे आणि उघड्या दारातून आतला काळा फळा मला रोज दिसतो. घरफोडी, लूट, वाहनचोरी अशा रांगा आणि पुढं खडूनं त्या महिन्याचा आकडा. त्या महिन्यात वाहनचोरीपुढं शून्य होतं. वरच्या बैठकीत या शून्याला शाबासकी मिळायची. अर्जाची घडी कपाटात, मी कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये आणि लष्करात कायद्याचं राज्य!

मला पळवणाऱ्याचं नाव राघव. तो दुसऱ्याचा टेंपो चालवायचा. मालकानं टेंपो विकला आणि हा रिकामा झाला. पहिले काही दिवस तो घाबरून होता. बाहेर गाडीचा आवाज आला की शेडच्या फटीतून डोकवायचा. एकदा तर मला रात्री कुठंतरी सोडून द्यावं असं स्वतःशीच पुटपुटला. पण पोलिस आले नाहीत. कुणी साधी चौकशीसुद्धा केली नाही. हळूहळू त्याची भीड चेपली आणि एके दिवशी तो मला बाहेर काढून निघाला. नंबर बदलायचीही त्याला गरज वाटली नाही.

त्यानं पहिला हात घातला तो इंदुताईंच्या गळ्यात.

त्या देवळातून पायी परत येत होत्या. मी ब्रेक लावायला पाहिजे होता, पण ब्रेक त्याच्या मुठीत. साखळीला हिसका बसला आणि इंदुताई रस्त्यावर आपटल्या. ज्या बाईनं मला खण शिवला तिच्याच अंगावर मला घातलं! त्या क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही. आणि ज्यानं मला गहाळ केलं, त्यालाही नाही.

मनगट मोडलेल्या इंदुताईंनी पोलिसांना खरं तेच सांगितलं. "गाडी राजलक्ष्मीची. कव्हर मी ओळखलं. माणूस नाही ओळखला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच महिपतरावानं विहंगला ठाण्यात आणून बसवलं. अंगानं तोही सडपातळ. त्याला बँकेत नोकरी लागली होती आणि वर्तणुकीचा पोलिसी दाखला याच टेबलावर अडला होता.

"आई, ये लोग मान ही नहीं रहे," विहंगचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई म्हणाल्या, गाडी चोरीला गेलीय, तुम्हाला माहीत आहे.

"कागदावर तर गहाळ आहे, ताई," महिपतराव म्हणाला. "गहाळ गाडी घरातही असू शकते."

तेव्हा मी नव्या सडकेवर होते. राघवानं आणखी एका बाईची साखळी ओढली होती आणि तो सुसाट निघाला होता. निघण्यापूर्वी त्यानं काटा पाहिला होता. अर्धी टाकी! महाराज बाड्याच्या ऐन गर्दीत मी दोन आचके दिले आणि बंद पडले. त्यानं किक मारली. दांडा उलटा फिरून त्याच्या नडगीवर बसला. लोकांनी त्याला धरला आणि बदडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आम्हां दोघांना ठाण्यात आणलं तेव्हा बाई अंगणातच होत्या. धावत येऊन त्यांनी आधी माझं तुटलेलं लॉक पाहिलं.

महिपतरावाचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, मिळाली ना गाडी? घेऊन जा आत्ताच. विहंगचाही दाखला देतो. कशाला लिखापढी?"

बाईंचा हात माझ्या सीटवर होता. घर दिसत होतं, गुरुवार दिसत होता.

तेवढ्यात राघव फरशीवर बसल्या बसल्या म्हणाला, "मैडम, जिस दिन उठाई, उसी दिन कोई पूछने आ जाता ना, तो मैं वहीं छोड़ के भाग जाता."

बाईंनी सीटवरचा हात काढला. "महिपतराव, चोरी लिहा. त्याच दिवसाच्या तारखेची. गाडी पुरावा आहे, ती इथंच राहील."

"ताई, सडून जाईल इथं."

"सडू दे. लिहा, नाहीतर मी वरच्या साहेबांकडे जाते."

दुपार होईतो लिहिलं गेलं. शिपायानं फळ्यावरचं शून्य पुसून एक लिहिला. विहंग दाखला घेऊनच घरी गेला.

ही गोष्ट मराठी समाजात पसरली आणि एकेक जण येऊ लागला. कुणाची मोटारसायकल 'गहाळ', कुणाचा फोन 'गहाळ'. फळा भरला. पेपरात आलं की या भागात गुन्हे वाढले! वाढले नाहीत हो, मोजले गेले. महिपतरावाला वरून जाब विचारला गेला, तोही चोऱ्या लपवल्याबद्दल नव्हे, तर आकडा वाढल्याबद्दल. मी पोट धरून हसले.

काल इंदुताई आल्या, हात गळ्यात बांधलेला. दारातून त्यांनी फळा वाचला.

"महिपतराव, यात मी कुठं?"

त्यानं 'लूट' या रांगेवर बोट ठेवलं.

"आणि हा हात? विहंगला बसवून ठेवलंत ते?"

"त्याला रांग नसते, ताई."

इंदुताई बाहेर येऊन माझ्या सीटवर बसल्या आणि चांगल्या हातानं खणावरची धूळ झटकत राहिल्या. महिपतराव खिडकीत उभा होता.

माझे टायर बसलेत, अंगावर गंज चढतोय. बाई कोर्टातून मला सोडवतील तेव्हा सोडवतील. मला घाई नाही. तुमचं काही कुणी उचलून नेलं, तर चहा जरूर प्या, पण लिहायचं ते 'चोरी'च लिहा. आणि महिपतरावा, तू रोज खिडकी उघडशील तेव्हा समोर मीच दिसेन. फळा तू पुसशील. मला कसा पुसशील?