कपाटामागचा जिना

विमा कंपनीकडून पाहणीला आलेल्या बाईंनी भिंतीवर निळ्या टेपचा तुकडा चिकटवला, दोन पावलं मागे येऊन हातातल्या यंत्रात पाहिलं, आणि तुकडा उचकटून बोटभर वर लावला.

"इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "नव्या नकाशाप्रमाणे. दर वर्षी येईल असं नाही. पण आलंच, तर इथपर्यंत."

ठमीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या ठमीच्या आईची नजर टेपवरून सरळ खाली गेली. भिंतीला लागूनच ठमीची कठड्याची खाट होती. टेप कठड्याच्या चांगली वीतभर वर होती. तिने पायाने खाट ढकलून भिंतीपासून दूर केली, जणू भिंत आत्ताच ओली झाली होती.

जुन्या नकाशात ही गल्ली कोरी होती. पूररेषा दोन गल्ल्या पलीकडून, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागून जायची, आणि तिचा विचार तिकडच्यांनी करायचा असा सगळ्यांचा समज होता. पण रस्त्याखाली कधीकाळी झाकून टाकलेला एक ओढा होता. महापालिकेने या खेपेला तोही मोजला, आणि नवा नकाशा आला तेव्हा अर्धी गल्ली निळी झाली होती. ठमीच्या आईने तो नकाशा फोनवर इतक्यांदा मोठा करून पाहिला होता की डोळे मिटले तरी आपल्या घराचा चौकोन तिला दिसायचा.

पाहणीवाल्या बाई वाकून विजेची बटणं पाहत होत्या.

"पाणी आत शिरलं तर बाळाला घेऊन कुठे जाणार तुम्ही?"

"वर. वर माझे मोठे दीर राहतात."

"कुठून जाणार?"

"बाहेरून जिना आहे ना."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. बाहेरचा जिना फाटकाजवळून वर चढत होता. अंगणाचा सगळा उतार तिकडेच होता.

"तिथे पोहोचेपर्यंत तुमच्या कमरेला लागलेलं असेल," त्या म्हणाल्या, आणि वळून खोलीतल्या लाकडी कपाटाकडे पाहत राहिल्या. कपाट उंच होतं, पण त्याच्या माथ्यावरून दाराच्या चौकटीची वरची पट्टी डोकावत होती. "याच्यामागे काय आहे?"

"जिना. आतला. बंद आहे."

"बंद म्हणजे?"

ठमीच्या आईने ठमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "घरगुती आहे जरा."

बाई हसल्या नाहीत. "प्रत्येक घरात असं एखादं कपाट असतं," त्या म्हणाल्या. "पण तळमजला असा एकटा पडलेला असेल, तर कंपनी पुराचा विमा देणार नाही. विमा नाही म्हटल्यावर तुमची बँकही गप्प बसणार नाही. आतून वर जायला रस्ता असला आणि ही बटणं टेपच्या वर गेली, तर देतील. हप्ता वाढेल, पण देतील. मी पुढच्या आठवड्यात परत येते."

दाराशी त्यांनी ठमीच्या गालाला बोट लावलं आणि पायात बूट सरकवले. टेप काढायला त्या विसरल्या, की मुद्दाम ठेवून गेल्या, ते कळलं नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे त्या दिवशी औषधांपेक्षा नकाशाचीच जास्त गिऱ्हाइकं होती. समोरच्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती आणि चारच दिवसांत उतरलीही होती, कारण विचारायला आलेला प्रत्येकजण आधी फोन काढून नकाशा बघत होता.

"नकाशा आला म्हणून पाणी येतं का?" औषधवाला म्हणाला. "पाणी नाही आलं, भाव मात्र वाहून गेला. आम्ही निवेदन देतोय, निळा रंग काढा म्हणून. सही करा वहिनी."

"रंग काढला तर ओढा कुठे जाईल?"

त्याने ठमीच्या तापाच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळली. "शिकलेल्या बायकांचं हेच असतं. सहीला पेन दिलं की प्रश्न विचारतात."

ठमीचा बाबा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या बाहीवर नेहमीसारखी पांढरी भुकटी होती. त्याने टेप पाहिली, तिच्याशी आपली उंची ताडून पाहिली, आणि हात धुवायला गेला.

"दादाकडे मी जाणार नाही," तो नळ सुरू असतानाच म्हणाला. तिने अजून काही विचारलंही नव्हतं.

"मी जाते."

"तो काय म्हणेल, माहितीये ना?"

"नाही. ठमीच्या जन्माआधीपासून ते काही म्हणालेलेच नाहीत."

भांडण झालं होतं पाण्याच्या मोटरीवरून. खाली नळ सोडला की वरची धार करंगळीएवढी व्हायची. मग मोटर कुणाची, वीज कुणाची, आणि वडील असताना टाकी कुणी साफ केली, इथपर्यंत गोष्ट गेली. वरून कडी लागली, खालून बोल्ट सरकला, आणि बोल्ट पुरेसा वाटला नाही म्हणून पुढ्यात कपाट आलं. दोन्ही दारांमधला जिना कुणाचाच राहिला नाही. वरच्यांचा मुलगा शिकायला लांब गेल्यापासून तर वर माणसं आहेत हे मिक्सरच्या आवाजावरूनच कळायचं.

"कपाटामागे उंदीर झालेत," तो टॉवेलने हात पुसत म्हणाला. "दार उघडलं की सगळे घरात."

"पिंजरा लावलाय की."

"महिना झाला लावून. पावाचा तुकडा वाळून दगड झाला. फार शिकलेला उंदीर दिसतोय तुझ्यासारखा."

उंदीर मात्र होता, याबद्दल तिला शंका नव्हती. दुपारी ठमीला झोपवताना कपाटामागून हलकी खसखस यायची. घर अगदी शांत असायचं, म्हणूनच ऐकू यायची. त्या वेळी ती ठमीला हत्तीची गोष्ट सांगत असे. गोष्ट कुठल्या पुस्तकातली नव्हती. ती रोज थोडी रचायची, आणि ठमीला त्यातलं काहीच कळत नसल्यामुळे जरा मोकळेपणाने रचायची. एक हत्ती नदीकाठी आला होता. पलीकडे केळीचं बन होतं. हत्तीला पोहता येत होतं, पण पाण्याची भीती वाटत होती. त्याने बेडकाला विचारलं, बगळ्याला विचारलं, कासवाला तर दोनदा विचारलं. नवा नकाशा आल्यापासून तो हत्ती काठावरच उभा होता. काही केल्या तिला त्याला पाण्यात उतरवणं जमत नव्हतं. नवऱ्यालाही ही गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. मोठ्या माणसाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ठमीला घेऊन ती बाहेरचा जिना चढली. मधल्या वळणावर थांबून तिने खाली पाहिलं. फाटकाजवळची फरशी खरंच खोलात होती. रोज तिच्यावरून ये-जा करूनही हे कधी दिसलं नव्हतं.

दार मोठ्या जावेने उघडलं. हात पिठाचे होते.

"वाट चुकलीस का गं?"

"नाही ताई. इकडेच आले."

मोठ्या जावेने दार जरा आणखी उघडलं. थोरले दीर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि अजूनही समोर कुणी बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधल्यासारखा पुढे सरकायचा. तो आत्ताही सरकला.

ठमीच्या आईने टेपचं सांगितलं, फाटकाजवळच्या उताराचं सांगितलं, कंपनीची अट सांगितली. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"आमचा मजलासुद्धा निळा दाखवलाय," दीर वर्तमानपत्रामागून म्हणाले. "मी काय गच्चीवर होडी बांधून ठेवू?"

"घर एकच धरतात ना, दादा."

"ते आता कळलं होय? तेव्हा पाणी वर चढत नाही म्हणून भांडलो. आता चढेल म्हणून बोलायचं?"

ठमी आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली आणि फरशीवर बसून एका डब्याचं झाकण वाजवायला लागली. मोठी जाऊ हात पुसत होती. हात कोरडे झाले तरी पुसत होती.

"त्याला तोंड आहे ना?" दीर म्हणाले. "त्याने यावं."

"त्यांचं तोंड तुम्हाला माहीत आहे, दादा. दिवसभर लोकांची तोंडं दुरुस्त करतात. घरी येईपर्यंत स्वतःचं उघडायची ताकद राहत नाही."

वर्तमानपत्र थोडं हललं. त्यामागे काय झालं ते दिसलं नाही, पण पाय ब्रेकवरून मागे आला.

"बघू," एवढंच ते म्हणाले.

मोठी जाऊ दारापर्यंत आली, आणि बाहेर येऊन तिने दार मागे ओढून घेतलं.

"कपाट रविवारी हलवा," ती हळू आवाजात म्हणाली. "वरची कडी मी काढते."

"पण दादा?"

"त्यांचं मी बघते. ते बघू म्हणाले म्हणजे अर्धं झालं. तुमच्याकडचा बोल्ट गंजला असेल, आधी तेल सोड. आणि तो पिंजरा उचल तिथून. पोर रांगती आहे, बोट अडकेल."

"हो ताई," म्हणत ती जिना उतरली. उतरताना तिला एकदम इतकं हलकं वाटत होतं की बोललेल्यातलं निम्मं तिच्या डोक्यात शिरलंच नाही. घरात गेल्यावर मात्र तिने आठवणीने पिंजरा उचलला, दार पाडून बंद केला, आणि कपाटावर ठेवून दिला.

रविवारी ठमीच्या बाबाने कपाटाला खांदा लावला. "कंपनीसाठी करतोय हं मी हे," तो म्हणाला. "कंपनीसाठीच," ती दुसऱ्या बाजूने ढकलत म्हणाली. ठमी खाटेत उभी राहून कठडा हलवत होती, आपणही ढकलतोय अशा थाटात. कपाट सरकलं. मागे भिंतीचा जुना रंग निघाला, आणि एक हरवलेला चमचा. बोल्टवर तेल सोडून तिने तो पुढेमागे, पुढेमागे केला. शेवटी तो आला. बिजागरी करकरली आणि दार खोलीत उघडलं.

ती नाक दाबून उभी होती. धूळ येईल, जाळी येतील, उंदरांच्या लेंड्या असतील, एखादं पिल्लूसुद्धा अंगावर येईल. काहीच आलं नाही. जिना स्वच्छ होता. पायऱ्या नुसत्या झाडलेल्या नव्हत्या, पुसलेल्या होत्या. कोपऱ्यातसुद्धा माती नव्हती. अगदी शेवटच्या पायरीवर, दाराला लागून, एक पातळशी गादीची उशी ठेवली होती. मधोमध दबलेली.

"वहिनीने सामान ठेवलंय वाटतं," नवरा म्हणाला.

सामान म्हणावं तर तिथे तेवढी एक उशीच होती.

वर पावलं वाजली. थोरले दीर हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वरच्या पायरीवर उभे होते.

"बिजागरी घासतेय," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "वरपर्यंत ऐकू आलं. उलटी बसवलीय."

"तूच बसवली होतीस," ठमीचा बाबा म्हणाला.

"धरली कुणी होती?"

ठमीच्या आईला वाटलं, झालं, आता कपाट परत जागेवर. पण दीर दोन पायऱ्या उतरले, मग आणखी दोन, आणि दाराशी येऊन वाकले.

"हं, धर," ते म्हणाले. "या वेळी सरळ धर."

ठमीच्या बाबाने दार धरलं. दोन डोकी एका बिजागरीवर आली. दोघांच्याही माथ्यावर केस एकाच जागी विरळ झाले होते.

त्यांच्या पाठीमागून मोठी जाऊ उतरली. तिने खाली पायाकडे पाहिलं नाही, कठड्याला हात लावला नाही. शेवटच्या पायरीशी येताच ती उशीवर बसली, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसावं तशी. तोवर ठमीच्या आईने ठमीला खाटेतून खाली घेतलं होतं. ठमी रांगत दाराशी आली आणि पायरीला धरून उभी राहिली. जावेने एक बोट पुढे केलं. ठमीने ते पकडलं.

"काय गं," मोठी जाऊ तिला म्हणाली, "तो हत्ती उतरला का शेवटी पाण्यात?"

तिने ठमीच्या झबल्याचा दुमडलेला काठ सरळ केला. सरळ झाला तरी करत राहिली.

दारापाशी स्क्रू फिरत होता. "अरे उलटा फिरवतोयस," एक भाऊ म्हणत होता, आणि दुसरा म्हणत होता, "गाडी शिकवतोयस का मला?"

ठमीच्या आईने जावेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी विचारावं लागलं असतं. तिने कपाटावरचा रिकामा पिंजरा काढला, स्क्रू बसेपर्यंत वाट पाहिली, आणि दार पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून तो त्याला टेकवून ठेवला. मग ती तिथेच, निळ्या टेपच्या खाली, जमिनीवर बसली.

"अजून नाही, ताई," ती म्हणाली. "पण काल एक पाय बुडवून बघितला त्याने."