न्यायालय उठेपर्यंत

मित्रांनो, माझे नाव ऐकून दचकू नका. मला आरोपीचा पिंजरा म्हणतात. पण मला गज नाहीत, कुलूप नाही, वर छतही नाही. तीन बाजूंनी सागवानी कठडा आणि चौथ्या बाजूला फळीचे दार, एवढाच माझा संसार.

जुन्या राजवटीत एका सुताराने मला घडवले. हात मोठा सफाईदार. कुठे खिळा दिसू दिला नाही, कुठे लाकडाची कूस हाताला लागू दिली नाही. चूक केली ती एकच. कठडा त्याने स्वतःच्या छातीच्या उंचीने बेतला. इथे एखादी बाईही उभी राहील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

त्या राजवटीने एक कलम केले होते : सरकारविषयी जो अप्रीती पसरवील, त्याला तुरुंग. थोडक्यात, सरकारवर प्रेम करणे सक्तीचे झाले. प्रेम असे हुकमाने वसूल होत नाही, हे कुठल्याही घरातली सासू सांगेल. पण सरकारला सांगायला जाणार कोण? जे गेले, ते माझ्यात येऊन उभे राहिले. छापखानेवाले आले, शिक्षक आले, नाटकातल्या गाढवाला राज्यपालाची टोपी घालणारा एक नटही आला. चोर-भामटे मी पुष्कळ पाहिले होते. ते उभे राहिले की खाली पाहत. ही माणसे समोर पाहत. त्यांच्या तळहातांनी माझा कठडा जितका गुळगुळीत झाला, तितका कुठल्या पॉलिशने झाला नाही.

त्यांतलेच एक मास्तर. वाचनालयात लोक वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि वाद घालतात, म्हणून सरकारने त्याला टाळे ठोकले. त्यावर मास्तरांनी लेख छापला. त्यात एक वाक्य होते : ‘प्रश्न विचारणाऱ्याला जे सरकार तुरुंगात टाकते, त्याच्यापाशी उत्तर नसते.’

“माफी मागा आणि घरी जा,” न्यायाधीश म्हणाले.

“तसा घरी गेलो तर बायको आत घ्यायची नाही,” मास्तर म्हणाले.

सगळे न्यायालय हसले. मागच्या बाकावरच्या मास्तरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच घेतले नसते. मास्तर तुरुंगात गेले आणि तिथल्या आजारपणातून परत आले नाहीत.

पुढे राजवट बदलली. नव्या राज्यकर्त्यांपैकी काही जण तर माझ्यात उभे राहून गेलेले. मला वाटले, आता ते कलम जाईल. मास्तरांचा फोटो न्यायालयाच्या व्हरांड्यात लागला, खाली तेच वाक्य सोनेरी अक्षरांत. हार झाले, भाषणे झाली. कलम मात्र पुस्तकात राहू दिले. असू द्या, कधी लागले तर, असे कोणीतरी म्हणाले असावे.

आणि ते लागले. वाचनालयाला पुन्हा टाळे पडले, कारणही जुनेच. तेव्हा केस पिकलेल्या मास्तरीणबाई वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी मास्तरांचा तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. त्यासाठी त्यांना पकडून माझ्यात उभे केले.

मुळात ठेंगण्या, त्यात वयाने वाकलेल्या; कठड्यावरून त्यांचे फक्त पांढरे केस दिसत होते.

“आरोपी कुठे आहे?” न्यायाधीशांनी विचारले.

“इथेच आहे. तुमच्या सुताराला बायका ठाऊक नव्हत्या,” बाई म्हणाल्या आणि शिपायाकडे वळल्या. “एक स्टूल आण. आणि डुगडुगणारं आणू नकोस.”

शिपायाने न्यायाधीशांकडे पाहिलेही नाही. स्टूल घेऊन आला.

सरकारी वकील बाईंचा भाचा होता, मास्तरांच्या बहिणीचा मुलगा. त्यांच्याच घरी राहून शिकलेला. तो कठड्याशी येऊन हळूच म्हणाला, “मामी, चुकलं एवढंच म्हणा. मी बाकीचं बघतो.”

“लहानपणी तुला मी चुकलो म्हणायला लावलं, तेव्हा शेजारच्यांची काच फुटली होती. इथे काय फुटलंय ते दाखव.”

“लोक भडकतात हो अशानं.”

“माझ्यासमोर बसलेले? त्यातले दोघे तर पेंगत होते.”

न्यायाधीशांनी आक्षेपार्ह वाक्य वाचायला सांगितले. भाच्याने वाचले. व्हरांड्यातली सोनेरी अक्षरे त्यानेच रंगवून घेतली होती.

“हे तर मी रोज आत येताना वाचतो,” न्यायाधीश म्हणाले. “बाई, तुम्ही यात काही भर घातलीत?”

“एक शब्द बदललेला नाही. बदलावा लागेल असं तुम्ही काही बदललंच नाही.”

कलम जिवंत होते आणि लेख वाचल्याचे बाई स्वतःच सांगत होत्या, त्यामुळे न्यायाधीशांना त्यांना निर्दोष ठरवता येईना. पण शिक्षा किती द्यायची, ते त्यांच्या हाती होते. त्यांनी ती दिली ‘न्यायालय उठेपर्यंत’. म्हणजे दिवसाचे कामकाज संपेस्तोवर बाईंनी तिथेच थांबायचे. शिपायाने खुर्ची आणली.

“मास्तर इथे उभे होते,” बाई म्हणाल्या, आणि कठडा धरून स्टुलावर उभ्याच राहिल्या.

बाकीची कामे सुरू झाली. एक सायकलचोर त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“आजी, तुम्ही काय उचललंत?”

“काही नाही. वाचून दाखवलं.”

“बापरे,” म्हणून तो जरा सरकून उभा राहिला.

संध्याकाळी न्यायाधीश उठले, तसे रिवाजाप्रमाणे सगळे उठले. पण न्यायाधीश आतल्या दाराकडे वळले नाहीत. बाई स्टुलावरून उतरेपर्यंत ते जागच्या जागी उभे राहिले. माझ्या साऱ्या आयुष्यात मी एवढा मान कोणाचा झालेला पाहिला नाही.

भाच्याने हात पुढे केला. बाईंनी तो लगेच घेतला नाही.

“फोटो तरी उतरव, नाहीतर कलम तरी. दोन्ही एका छपराखाली नांदत नाहीत.”

“मामांचा फोटो कसा उतरवू, मामी?”

“मग दुसरं काम उरलं.”

त्याने सरकारी वकिली सोडली. पुढे तो माझ्या कठड्याशी येई तो आरोपीच्या बाजूने. हरला, पुन्हा आला, वरच्या न्यायालयापर्यंत भांडला. आधी वाचनालयाचे टाळे निघाले. बऱ्याच वर्षांनी ते कलमही गेले. ही बातमी सांगायला तो धावत मामींकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, “उशीर केलास. आता जेवून घे.”

न्यायालयाची नवी इमारत झाली आणि भाच्याने मला वाचनालयात आणवले. आता माझ्या कठड्यावर वर्तमानपत्रे पसरतात. मोठी माणसे उभ्याने वाचतात. तुमच्यासारख्या मुलांना तो उंच पडतो, म्हणून शेजारी तेच स्टूल ठेवले आहे. अजून डुगडुगत नाही.

मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका, ओल्या छत्र्या माझ्यावर टांगू नका. पण एवढ्याने माझी काळजी घेतली असे होणार नाही. इथे वाचताना वाद झाला, आवाज चढले, तर चढू द्या. ज्या दिवशी या वाचनालयात मोठ्याने वाचायला कोणी कचरेल, त्या दिवशी समजा, मला परत न्यायालयात न्यायला माणसे निघाली आहेत.