मोजल्याची तारीख

थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या हवामान केंद्रावर मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. जुन्या वह्यांतले आकडे संगणकात भरायचे होते. त्याआधी प्रत्येक रकान्याला असं नाव द्यायचं होतं, की परक्या देशातल्या माणसालाही कुणाला विचारावं लागू नये.

माझ्या वहीत नुसतं 'पाऊस' होतं. बाईंनी ते खोडलं.

"कधीपासून कधीपर्यंतचा, काका?"

"सकाळी आठला भांडं बघतो. काल आठपासूनचा."

"आणि लिहिता कुठल्या तारखेला?"

"कालच्या. पडला काल, तर आजच्या तारखेला कसा लिहू?"

"मोजला त्या तारखेला लिहायचा असतो. शेजारचं केंद्र पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. तेव्हापासून तुमचा पाऊस त्यांच्या एक दिवस आधी पडतोय. कोणी शिकवलं असं?"

मी मूळचा इथला शिपाई. पस्तिसाव्या वर्षी इथल्या नोंदी ठेवणाऱ्या अण्णांनी मला अक्षरं शिकवली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त होताना आपल्या जागेवर बसवलं. मोजला त्या तारखेला लिही, हे त्यांनी दहादा बजावलं होतं. मला वाटलं, म्हातारा चुकतोय. चार अक्षरं येताच मला शिंगं फुटली होती.

लग्न तोंडावर आलेलं. नोकरी गेली तर?

"अण्णांनीच," मी म्हणालो.

"म्हणजे त्यांची सव्वीस वर्षंही एक दिवस मागे?"

तेवढ्यावर थांबायचं, तर त्या वह्या तपासून बघतील म्हणून घाबरून मी म्हणालो, "त्यांचं कधी असं, कधी तसं."

बाईंनी रकान्याला लांबलचक नाव दिलं: 'सकाळी आठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये, मोजल्याच्या तारखेला.' माझी वर्षं त्यांनी एकेक दिवस पुढे सरकवून घेतली. अण्णांची ताडून बघायला तेव्हा शेजारी केंद्रच नव्हतं. त्यांच्या वह्यांवर 'तारखा संशयास्पद, वापरू नये' असं लिहून त्यांनी गठ्ठा बांधला.

पत्रिका द्यायला गेलो तेव्हा अण्णा अंथरुणाला खिळले होते.

"माझे आकडे घेतले का रे?"

"घेतले."

"एक दिवस चुकवला नाही बघ."

"आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र दरवर्षी चुकवला," काकू म्हणाल्या.

अण्णा हसले. मग पाकिटावरचं स्वतःचं नाव त्यांनी लांब धरून वाचलं.

"अक्षर सुधारलंय तुझं."

बाईंना खरं कळवायला मी तीनदा कागद घेतला, तीनदा कोराच ठेवून दिला. अण्णा त्याच वर्षी, थोरलीच्या लग्नानंतर अकराव्या दिवशी वारले.