बॉनेटवरची हळद

छायाच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा त्या घरात होता. ती अंबडच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. घरी आली की त्या टेबलाशी बसून तळहातावर मावेल एवढी रेसची गाडी बांधायची. किट तिच्या भावाने, भारतने, परदेशातून आणलेलं. रेझिनची बॉडी, ओतीव धातूचं इंजिन, चाकांना केसासारख्या तारांचे स्पोक. घासून, जोडून, रंगवून गाडी आता पांढरीशुभ्र उभी होती. दोन्ही दारांवर नंबर, मधून निळा पट्टा. दिवाळीनंतर ती मुंबईच्या प्रदर्शनात जाणार होती. छायाचं काम घराबाहेर कुणी बघणार, ही पहिलीच वेळ. वरून रंग राखणारा लॅकरचा पारदर्शक थर द्यायचा तेवढा राहिला होता.

सासूबाई, सुलाबाई, कळवणहून राहायला आल्या, तेव्हा टेबलाकडे बघून म्हणाल्या होत्या, "एवढं खेळणं कोणासाठी गं?"

"माझ्यासाठीच, आई."

सुलाबाई हसल्या होत्या. छायाला ते हसणं लागलं होतं.

खंडेनवमीला छाया झेंडू आणायला बाजारात गेली. परतली, तर पाटावर तिच्या नवऱ्याचे, रवीचे, नट-बोल्टचे पाने, विळी, शिलाई मशीनची कात्री आणि त्यांच्या शेजारी तिच्या बारीक कानशी, तिचे चिमटे. सगळ्यांच्या पुढे गाडी. बॉनेटवर ओल्या हळदीचं ठसठशीत बोट, वर कुंकू.

"आई, हे काय केलंत?"

"पूजा केली. रोज कानस चालवती ना तू? मग ते हत्यार नाय तर काय? अन् रव्याच्या स्कूटरला हळद लावली, हिला नको?"

खेळणं हा शब्द सासूबाईंच्या तोंडून गेला होता. छायाला ते कळलं, पण तिची नजर डागावरून हलेना. कुंकू फुंकरीने उडालं. हळद रंगात मुरली होती.

"थांब, मी पुसतो," म्हणत रवीने साबणाचं फडकं फिरवलंसुद्धा.

"अहो, साबण नको!"

डाग लालभडक झाला.

"अगं बाई, रक्तच आलं की हिला!" सुलाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यापायी वाया गेली का गं?"

रंग खरवडावा, तर किटसोबत आलेला, चिकटवलेला निळा पट्टा जाणार, आणि तसा दुसरा मिळणार नव्हता. छायाने साध्या पाण्याच्या बोळ्याने साबण टिपून घेतला. डाग पुन्हा पिवळा झाला. हळद उन्हाला टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण रेझिनही उन्हाला टिकत नाही. ऑक्टोबरच्या तापात गाडीच्या मागचा, कागदासारखा पातळ आडवा पंख वाकला असता. उन्हात ठेवायची तर सतत कुणीतरी जवळ हवं होतं, आणि दसरा झाला की छायाला कामावर जायचं होतं.

"मी बसते हिच्यापाशी," सुलाबाई म्हणाल्या.

त्या गाडीला तिने रवीलाही कधी हात लावू दिला नव्हता. मग तिने गाडी उचलून सासूबाईंच्या हातात दिली.

"उलटा हात लावून बघायचं. कोमट लागली की सावलीत."

"ताप बघायचा, असंच ना? चार पोरांचा बघितलाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी छाया यायची, तेव्हा गाडी गॅलरीतल्या पाटावर असायची आणि सुलाबाई शेजारी मेथी निवडत बसलेल्या.

"दुपारी जरा अंग गरम लागलं," त्या सांगायच्या. "आत घेतली. आता बरी हाय."

डाग फिका होत होत एका संध्याकाळी शोधूनही सापडेना. छायाने पंखाला मोजपट्टी लावून पाहिली. सरळ होता. तिने लॅकर दिलं.

मुंबईत लोक भिंग घेऊन गाडीवर वाकत होते. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. परत येताना छाया मनात सासूबाईंसाठी शब्द जुळवत होती. पण 'आभार' म्हटलं तर घरात सभा भरल्यासारखं वाटेल. घरी आल्यावर तिने गाडी नुसती कपाटात ठेवली.

पुढच्या खंडेनवमीला तिने स्वतःच कपाटातून गाडी काढून पाटावर ठेवली. सुलाबाईंनी हळदीचं बोट लांबच धरलं.

"उलटी कर. पोटाला लावते."

"वरच लावा आई, बॉनेटवर."

"अन् डाग पडला म्हणजे?"

"लॅकर आहे आता, पडणार नाही. आणि पडलाच तर तुम्ही आहात की."

सुलाबाईंनी बोट पुन्हा वाटीत बुडवलं आणि चांगलं भरून घेतलं.